आधी तो फोन उचला

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांचा, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्ट ड्युटी. मूळ गाव पेठ तालुक्यात. सहा वर्षांपासून तीन मराठी वेबसाइट चालवतो. एक कांद्याच्या बाजारभावाची, एक सरकारी भरतीच्या जाहिरातींची आणि एक नाशिकच्या आसपासच्या किल्ल्यांची. पहिल्या दोन कमावतात, तिसरी आवडीची.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली. भाव कोसळले आणि माझ्या साइटवर कधी नव्हती एवढी गर्दी झाली. लोक तासातासाला भाव बघत होते आणि माझ्या खात्यात जाहिरातींचे डॉलर वाढत होते. ते पैसे मला खाववेनात. म्हणून गावातल्या अभ्यासिकेला महिन्याला ३,००० रुपये द्यायचं ठरवलं. तिथे २४ वर्षांचा एक मुलगा खोली भाड्याने घेऊन पंधरा-वीस पोरांना भरतीच्या अभ्यासाला बसवतो. साइटवर ओळ टाकली, ‘या साइटच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी.’ पुढे आणखी एक टाकली, ‘जाहिरातीवर एक टिचकी मारा, एका मुलाला मदत होईल.’ लोकांनी फार कौतुक केलं. नऊ वाचकांनी मिळून ११,३०० रुपये माझ्या यूपीआयवर पाठवले.

मागच्या वर्षी महिन्याला सरासरी २१,००० मिळायचे. आता साडेआठ हजारांवर आलंय. तीन महिने अभ्यासिकेला काही दिलेलं नाही. वाचकांच्या पैशातले ८,००० पोचवले, ३,३०० होस्टिंग, म्हणजे इंटरनेटवर साइट ठेवायची जागा, रिन्यू करण्यात गेले. बायकोला यातलं अर्धंच माहीत आहे. तो मुलगा फोन करतो, मी उचलत नाही. दान थांबवू का? की आणखी दोन-तीन साइट काढून उत्पन्न वाढवू?

एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी आलं आणि तेव्हापासून त्यातलं एकच वाक्य माझ्या मनातून जात नाहीये. ‘तो मुलगा फोन करतो, मी उचलत नाही.’ साइट, टक्के, उत्पन्न हे सगळं त्याच्यानंतरचं. दान थांबवू का, असं तुम्ही विचारलंय. तीन महिने झाले, ते थांबलेलंच आहे. फक्त त्या मुलाला ते कुणी सांगितलेलं नाही. तो बिचारा दर महिन्याला खोलीमालकापुढे उभा राहून ‘दादा पाठवणार आहेत’ म्हणत असेल. गावाकडे भाडं थकलं की माणसाला कुणाकुणाची तोंडं चुकवावी लागतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून आज शिफ्ट सुटली की त्याला फोन करा. कारणं सांगत बसू नका. ‘साइटचं उत्पन्न पडलंय. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, लाज वाटली म्हणून फोन टाळला. आता महिन्याला ३,००० जमणार नाहीत. किती जमतील ते घरी बसून ठरवतो आणि रविवारी येऊन सांगतो.’ बास, एवढंच. मग तो दुसरी सोय बघायला मोकळा. पोरांकडून पन्नास-पन्नास रुपये काढेल, ग्रामपंचायतीकडे खोली मागेल, गावातल्या नोकरीला लागलेल्या कुणाला तरी विचारेल. नाही म्हटलेलं माणूस पचवतो. ना हो, ना नाही, अशा अवस्थेत ठेवलं की त्याचे हातपायच बांधले जातात.

आज रात्रीच करायचं आणखी एक काम आहे. ती टिचकीची ओळ काढून टाका. उद्यावर टाकू नका. तुमचा हेतू चांगला होता याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण तुमच्या साइटवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गुगलच्या ॲडसेन्सचा नियम याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. आपल्या जाहिरातींवर टिचकी मारा असं वाचकाला सांगायचं नाही, त्याबदल्यात काही द्यायचं नाही, आणि त्यातून तिसऱ्या कुणासाठी पैसे उभे करू असं आश्वासनही द्यायचं नाही. म्हणजे तुम्ही लिहिलेलं वाक्य जवळपास जसंच्या तसं त्यांच्या मनाईत बसतं. पकडलं तर खातं बंद होतं, साठलेले पैसे अडकतात आणि ते जाहिरातदारांना परत जातात. नियम सोडा, त्याच्यामागचा विचार बघा. जाहिरात देणारा कोण असतो? कुणी सिन्नरचा पाइपवाला असेल, कुणी ओझरचा शिकवणीवाला. त्याने टिचकीमागे पैसे मोजलेत ते गिऱ्हाईक येईल या आशेने. तुमच्या वाचकाने मुलांच्या कळवळ्याने टिचकी मारली आणि पान बंद केलं, तर ते दान त्या पाइपवाल्याच्या खिशातून गेलं, तेही त्याला न विचारता. तुम्हाला हे मनापासून पटेल, कारण कांद्याच्या पैशांनी ज्याची झोप उडते तो माणूस दुसऱ्याच्या खिशात हात घालणारा नसतो.

आता ३,३०० रुपयांचं. हे मला जरा कडक शब्दांत सांगावं लागेल, राग मानू नका. तुमच्या कमाईतून तुम्ही किती द्यायचं हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. त्यात कमीजास्त झालं, उशीर झाला, चालून जातं. पण वाचकाने ‘मुलांना द्या’ म्हणून पाठवलेला रुपया तुमचा कधी नव्हताच. तुम्ही मधले पोस्टमन होतात. तो होस्टिंगला गेला म्हणजे मनीऑर्डर पोस्टमनच्या घरी खर्च झाली. पगारातून, साइटच्या पैशांची वाट न बघता, ३,३०० रुपये अभ्यासिकेला द्या आणि त्या नऊही जणांना एकेक मेसेज करा. ‘तुम्ही अमुक तारखेला पाठवलेले इतके रुपये अमुक तारखेला पोचले, त्यातले काही माझ्याकडून उशिरा गेले, क्षमस्व.’ लोक समजून घेतात. तेवढं झालं की यूपीआयवर कुणाचेही पैसे घेणं बंद करा.

ते बंद करायला आणखीही कारण आहे. आपल्याकडे गणपती मंडळालासुद्धा वर्गणी मागायच्या आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घ्यावी लागते, हे तुम्ही गल्लीत पाहिलं असेल. हे कलम महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं आहे आणि धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्याबद्दल आहे. ते काही फक्त मांडव घालणाऱ्यांसाठी नाही. परदेशातल्या कुणी पाठवलं असेल तर आणखी काळजी घ्या. भारताचा पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून दिलेलं वेगळं, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याने अशा कामाला दिलेली देणगी नोंदणीशिवाय घेता येत नाही, तसा २०१० चा कायदा आहे. तुमच्या वाचकांना द्यायचंच असेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट देऊ द्यात. तुम्ही मध्ये राहू नका. उद्या कुणी हिशेब मागितला तर तुमच्याकडे पावतीपुस्तक नाही, फक्त चांगुलपणा आहे.

हे उरकलं की तुमचा खरा प्रश्न येतो. तुम्ही द्यायला का लागलात? तुम्हीच लिहिलंय, निर्यातबंदीच्या आठवड्यात खात्यात डॉलर वाढत होते आणि ते खाववेनात. मला ते दिवस आठवतात. जिल्ह्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले होते, रस्त्यावर उतरले होते. ज्याचा कांदा ट्रॅक्टरमध्ये भरलेला होता तो मोबाइल हातात धरून लासलगाव काय म्हणतंय, पिंपळगाव काय म्हणतंय, हे बघत होता. ते बघायची त्याची जागा म्हणजे तुमचं पान. भाऊ, यात तुमचा दोष नाही. भाव तुम्ही पाडला नाही. भाव सांगणं हे उपयोगाचं काम आहे आणि उपयोगाच्या कामाचे पैसे मिळाले तर ते घ्यावेत. पण तुमच्या मनाला जे टोचलं ते खोटंही नाही. फक्त त्याची फेड तुम्ही पेठच्या अभ्यासिकेत करायला गेलात. ज्याच्यामुळे टोचलं तो निफाड-चांदवडचा कांदेवाला आहे तिथेच राहिला.

त्याचं देणं साइटवरच फेडता येतं, आणि पैसे न लागता. काल रात्री मी तुमचं भावाचं पान मोबाइलवर उघडलं. लासलगावच्या भावाच्या बरोब्बर वर ‘पाच मिनिटांत कर्ज’ अशी जाहिरात होती. किमान, कमाल, सरासरी हे आकडे शोधायला मला बोटाने चार वेळा वर सरकवावं लागलं. एके ठिकाणी लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकाच ओळीत घातलाय. भाव आजचा की परवाचा ते पानावर कुठेच लिहिलेलं नाही. ज्याचा भाव पडलाय त्याच्या डोळ्यासमोर त्याच घटकेला झटपट कर्ज धरणं, हे मला त्या डॉलरपेक्षा जास्त खटकलं. ॲडसेन्सच्या खात्यात ‘ब्लॉकिंग कंट्रोल्स’ म्हणून पान असतं. तिथे जाऊन कर्जाचा प्रकार बंद करा. चार पैसे कमी मिळतील, मिळू देत. भाव सगळ्यात वर घ्या, तारीख आणि बाजार समितीचं नाव ठळक लिहा, आवक किती क्विंटल झाली ते द्या, लाल आणि उन्हाळ वेगळे करा. साठवणीच्या चाळीत कांदा ठेवावा की काढावा, हे ठरवणाऱ्याला या चार गोष्टी हव्या असतात. एवढं नीट केलंत तर निर्यातबंदीच्या आठवड्यातल्या पैशांची फेड पुष्कळशी होईल असं मला मनापासून वाटतं.

आता हिशेब. तुम्ही दहावा हिस्सा जाहीर केला होता. २१,००० चा दहावा हिस्सा २,१०० होतो, तुम्ही ३,००० देत होतात. म्हणजे म्हणत होतात दहावा आणि देत होतात सातवा, तोही खर्च न वजा करता. तीन डोमेन, म्हणजे साइटचे पत्ते, आणि होस्टिंग मिळून वर्षाला बारा हजार धरले तर महिन्याला हजार रुपये आधीच साइटचे आहेत. पहिल्या वर्षी होस्टिंग स्वस्तात मिळतं आणि रिन्यू करताना तेच कितीतरी पटीने महाग होतं, याचा चटका तुम्हाला बसलेलाच आहे. आजच्या साडेआठ हजारांतून हजार गेले, राहिले साडेसात. त्याचा दहावा हिस्सा ७५० रुपये. तुम्ही ३,००० ची सोय शोधत बसलात आणि ते जमत नाही म्हणून ७५० सुद्धा दिले नाहीत. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून इतकं सांगतेय.

यातच आणखी एक गोम आहे. साडेआठ हजार म्हणजे शंभर डॉलरच्या आसपास. शंभर डॉलर पुरे झाले नाहीत तर त्या महिन्याचे पैसे निघतच नाहीत, पुढच्या महिन्यात ढकलले जातात. म्हणजे येत्या वर्षात तुमच्या खात्यात काही महिने शून्य येणार हे आजच धरून चाला. सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर जो आकडा दिसतो तो अंदाजाचा. मग खोट्या टिचक्या वजा होतात, महिना संपल्यावर हिशेब पक्का होतो आणि पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे बँकेकडे निघतात. पहिल्या तारखेला भाडं मागणाऱ्या माणसाला अशा पैशाच्या भरवशावर शब्द देता येत नाही. एखाद्या संस्थेला टक्क्याने दिलेलं चालतं, तिला चार ठिकाणांहून येत असतं. पण एकट्या माणसाच्या खोलीभाड्याची जबाबदारी घ्यायची तर ती पगारातून घ्यायची, कमी घ्यायची, आणि घेतली की सोडायची नाही.

माझं सांगते. २०११ मध्ये मी वाळवणं आणि लोणच्यांची साइट सुरू केली. तेव्हा पैसे बँकेत जमा होत नसत, कुरिअरने चेक यायचा. खातं पडताळायला पिनचं पत्र पोस्टाने आलं होतं, ते पाकीट मी अजून जपून ठेवलंय. माझी साइट फेब्रुवारीत फुगते आणि मेच्या शेवटी बसते. कुरडया, सांडगे, मिरच्या, मग कैरी, आणि पाऊस आला की संपलं. दिवाळीच्या आसपास जाहिरातींचे दर चढतात, जानेवारीत उतरतात. हे कळायला मला तीन वर्षं लागली.

२०१६ च्या उन्हाळ्यात चांगले पैसे आले म्हणून मी त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेला कॉम्प्युटर दिला. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. साइटवर फोटो टाकला आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. वर्षभराने सहज गेले. कॉम्प्युटर टेबलावरच होता. त्याच्यावर भरतकाम केलेलं कापड होतं, कडेला लाल दोऱ्याची फुलं, कुणा बाईने प्रेमाने काढलेली. कापड उचललं तर पडद्यावर हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती, दसऱ्याला पूजा केली होती त्याची. बटणाला हात लावला. शाळेत वीजच नव्हती. बिल थकलं म्हणून सात महिन्यांपूर्वी तोडून नेली होती. गुरुजी ओशाळले, पण ओशाळायचं मी होते. द्यायच्या आधी ‘तुम्हाला काय लागतं’ हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला. ते म्हणाले, ‘ताई, वस्तू पुष्कळ येतात. बिल भरायला कुणी येत नाही.’

थकबाकी भरली, वीज आली. तेव्हापासून त्या शाळेचं बिल मी भरते. महिन्याला काही शे रुपये. शाळेचा बारा अंकी ग्राहक क्रमांक मला तोंडपाठ आहे. साइटवर त्याबद्दल एक अक्षर नाही, आज पहिल्यांदा लिहितेय. कारण फोटो टाकला होता त्या वर्षी माझ्याकडून एक गोष्ट झाली होती, जी तुमच्याकडूनही झालीय. लोकांनी वाहवा केली की माणूस देण्याचा आकडा लोकांच्या नजरेला शोभेल असा ठेवतो. ३,००० हा आकडा असाच आला नाही ना, हे तुम्ही मनाला विचारा. तुमची दहाव्या हिश्श्याची ओळसुद्धा काढून टाका, असं मी सांगेन. ती खोटी होती म्हणून नव्हे. ती ओळ असेपर्यंत उत्पन्न पडलं की तुम्ही वाचकांचेही देणेकरी वाटता, आणि एका मुलाला फोनवर ‘जमत नाही’ म्हणणं हजारो लोकांसमोर म्हटल्यासारखं जड होतं. फोन न उचलण्याचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं.

बायकोला अर्धंच सांगितलंय, हे बरं नाही. तिच्या घरातून पैसे जातायत आणि तुमची झोप उडालीय, दोन्ही तिला दिसतच असणार. तीन साइटला सहा वर्षं दिलेत म्हणजे शिफ्टच्या आधीचे आणि नंतरचे तास दिलेत, ते तिच्या वाट्याचेही होते. वही घेऊन दोघं बसा. पगारातून किती द्यायचे हे तिने सांगू द्यात. माझा अंदाज हजाराच्या आत असेल. ती ५०० म्हणाली तर ५००. तिने ठरवलेले पाचशे वर्षभर जातील. साइटच्या उत्पन्नाला हात लावायचा तो वर्षातून एकदा, मार्चमध्ये, सगळे खर्च आणि पुढच्या वर्षीचं नूतनीकरण बाजूला काढून. उरलं त्याचा दहावा हिस्सा एकरकमी द्या, त्यात पुस्तकं घ्या, ट्यूबलाइट घ्या, काय लागतं ते त्या मुलाला विचारून. थकलेल्या तीन महिन्यांचे ९,००० तुम्ही त्याला देणं लागता का? कायद्याने नाही. पण त्याने त्या भरवशावर कुणाकडून उसने घेतले असतील तर तेवढे थोडेथोडे करून फेडा. ते त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.

कराचं थोडक्यात. जाहिरातींचं उत्पन्न डॉलरमध्ये आलं तरी विवरणपत्रात दाखवावं लागतं. दाखवत नसाल तर या वर्षीपासून एखाद्या सीएकडे जा, होस्टिंगचा खर्च त्यातून वजा होतो. अभ्यासिकेला दिलेल्या पैशांवर मात्र सवलत नाही, ती नोंदणीकृत संस्था नाही. ज्याला आपण सगळे ८०जी म्हणतो ती वजावट मान्यताप्राप्त संस्थेला दिल्यावरच मिळते. २,००० च्या वर रोख दिलेलं त्यात धरत नाहीत, संस्थेकडून प्रमाणपत्र लागतं, आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ती नाहीच. पगारदार माणसाने सवलतीसाठी म्हणून देणं सुरू करू नये, एवढंच माझं मत.

आणखी साइट काढू का, याला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. उत्पन्न का पडलं हे आधी बघा. भरतीच्या जाहिराती निघतात तेव्हा तुमची दुसरी साइट चालते, नसतात तेव्हा बसते. शिवाय हल्ली गुगलच्या शोधात उत्तर वरच्या वर दिसतं, ‘शेवटची तारीख काय’ एवढंच हवं असलेला माणूस आत येतच नाही. मराठी पानावरच्या जाहिरातीला इंग्रजीपेक्षा दर कमी, ते तर जुनंच रडगाणं आहे. अशा वेळी चौथी-पाचवी साइट म्हणजे आणखी डोमेन, आणखी रात्री, आणि दुसऱ्यांच्या पानांवरून उचललेला मजकूर. तीन आहेत त्यांतली भरतीची साइट घ्या. तिच्यावर ‘अर्ज असा भरा’, ‘कागदपत्रं कोणती’, ‘जातपडताळणीला किती दिवस धरावेत’ असं स्वतः लिहा. यासाठी तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही. अभ्यासिकेतली वीस पोरं. ती कुठे अडतात ते त्यांना विचारा, तेच लिहा. त्या पोरांचा अर्ज बरोबर भरला गेला तर ते तुमच्या ३,००० रुपयांपेक्षा कमी नाही.

डोमेन तिन्ही तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर आहेत का, तेही बघून घ्या. साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर राहिलेलं डोमेन परत मिळवताना माझ्या एका मैत्रिणीचं वर्ष गेलं.

किल्ल्यांची साइट मात्र बंद करू नका, कमावत नसली तरी. ती वाचताना कळतं की हे पायांनी चालून आलेल्या माणसाने लिहिलंय. हरिहरच्या पायऱ्या उतरताना तोंड कातळाकडे ठेवायचं, हे तुम्ही ज्या पद्धतीने सांगितलंय तसं मी कुठे वाचलं नव्हतं. जाहिरातीही तिथे नकोत. वर्षाचं डोमेन हजाराच्या घरात पडतं, तेवढा एक छंद घरात असू द्या.

रविवारी सुट्टी असेल तर बायकोला घेऊन गावी जा. ३,३०० रुपये पाकिटात घालून त्या मुलाच्या हातात द्या आणि त्याच्याकडून वहीत सही घ्या, तारखेसकट. मग तासभर त्या खोलीत बसा, पोरं काय वाचतात ते बघा. सावळघाटात धुकं उतरायच्या आत परत फिरा. जाताना आशेवाडीच्या फाट्यावर थांबलात तर रामशेज किल्ल्याचा नवा फोटो काढा, तुमच्या पानावरचा उघडत नाहीये.

आणि फोन आजच, शिफ्ट सुटली की.